‘मीन क्रीक’ : सुडाच्या नावेतील सहा मुले

शाळेच्या मैदानावर एक स्थूल मुलगा एकटाच बास्केटबॉल खेळत आहे. आपला खेळ टिपला जावा म्हणून त्याने व्हिडिओ कॅमेरा लावून ठेवला आहे. अंगाने लहान असलेला दुसरा एक मुलगा कुतूहलाने त्या कॅमेऱ्याला हात लावतो. पहिला मुलगा धावत येतो आणि त्याला बेदम मारतो. ‘मीन क्रीक’ या अमेरिकन चित्रपटाची सुरुवात अशी होते. मारणाऱ्याचे नाव जॉर्ज आणि मार खाणाऱ्याचे सॅम. दीड तासाने चित्रपट संपतो तेव्हा जॉर्ज या जगात नसतो आणि सॅम पोलिसांपुढे जबानी देत असतो.

शेवट आधीच सांगून टाकल्याबद्दल कोणी नाराज होऊ नये. या चित्रपटात काय घडते यापेक्षा ते कोणाकोणाच्या मनातून वाट काढत घडते, हे पाहण्यासारखे आहे; आणि जैन घरात वाढलेल्या प्रेक्षकाला ती वाट विलक्षण ओळखीची वाटते.

दिग्दर्शक जेकब आरॉन एस्टेस यांचा हा पहिलाच मोठ्या लांबीचा चित्रपट. पटकथा त्यांचीच. ऑस्कर पुरस्कार देणाऱ्या अमेरिकन अकादमीची निकोल शिष्यवृत्ती या पटकथेला १९९८ साली मिळाली होती. तरीही तिचा चित्रपट व्हायला पाच-सहा वर्षे लागली. मोठ्या कंपन्यांच्या भांडवलावाचून निघणाऱ्या स्वतंत्र चित्रपटांचे असेच असते. जानेवारी २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला, त्याच वर्षी कान महोत्सवातील दिग्दर्शकांच्या विभागात गेला, आणि २००५ मध्ये पाच लाख डॉलरांहून कमी खर्चात तयार झालेल्या चित्रपटांसाठी असलेला जॉन कॅसाव्हेटिस पुरस्कार त्याने मिळवला. सॅमची भूमिका करणारा रॉरी कल्किन हा ‘होम अलोन’मधल्या त्या खट्याळ मुलाचा, मकॉले कल्किनचा, धाकटा भाऊ. जॉर्ज झालेला जोश पेक पुढे ‘ओपनहायमर’मध्येही दिसला.

कथानक ओरेगॉन राज्यातल्या एका लहान गावात घडते. सॅमच्या अंगावरचे वळ पाहून त्याचा मोठा भाऊ रॉकी संतापतो. तो ही गोष्ट आपल्या दोन मित्रांना, मार्टी आणि क्लाईड यांना सांगतो, आणि तिघे मिळून बेत रचतात. सॅमचा वाढदिवस आहे असे खोटेच सांगून जॉर्जला नदीवरच्या सहलीला बोलवायचे. नावेत खेळ खेळायचा. खेळाच्या निमित्ताने त्याला कपडे उतरवायला लावायचे, पाण्यात ढकलायचे आणि उघड्याने घरी धावायला लावायचे. त्याला खरी इजा होऊ नये, एवढीच सॅमची अट. सॅमची मैत्रीण मिली हिला यातले काहीच ठाऊक नाही. ती सहल समजूनच येते.

जॉर्ज येतो, आणि बेताची पंचाईत होते. तो सॅमसाठी भेट घेऊन आला आहे. त्याला कोणीतरी बोलावले, याचाच त्याला एवढा आनंद आहे की तो लपवता येत नाही. तो बडबड्या आहे, उर्मट आहे, मध्येच फार क्रूर बोलतो. वाचन-लेखन त्याला जड जाते आणि मित्र तर एकही नाही. हातातला कॅमेरा मात्र सुटत नाही. त्याला पुढे चित्रपट काढायचे आहेत. वाटेत मिलीला बेत कळतो आणि ती अडून बसते. हे थांबवल्याशिवाय आपण नावेत पाय ठेवणार नाही, असे ती सॅमला सांगते. सॅम भावाला सांगतो, भाऊ मित्रांना सांगतो. बेत रद्द होतो. सारे नावेत बसतात.

मार्टीला हे मान्य नसते. या मुलाच्या वडिलांनी आत्महत्या केलेली आहे आणि घरात मोठा भाऊ त्याच्याशी दांडगाईने वागतो. घरी जे सोसावे लागते ते तो बाहेर कुणावर तरी काढतो. खेळ सुरू होतो, शब्दाला शब्द लागतो, आणि मार्टी रागाच्या भरात जॉर्जला सगळे सांगून टाकतो: वाढदिवस खोटा, मैत्री खोटी, तुझी फजिती करण्यासाठी तुला आणले आहे. जॉर्ज आधी थिजतो. मग तोंडाला येईल ते बोलू लागतो. एकेकाचे वर्म काढतो, आणि अखेरीस मार्टीच्या वडिलांच्या मृत्यूची टवाळी करतो. मार्टी त्याला ढकलायला धावतो, रॉकी त्याला आवरायला मध्ये पडतो, आणि त्या झटापटीत रॉकीच्याच हातून जॉर्ज पाण्यात पडतो. त्याला पोहता येत नाही. रॉकी पाण्यात उडी घेतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

म्हणजे ज्याने बेत आखला पण नंतर मोडला, आणि शेवटच्या क्षणी जो भांडण सोडवत होता, त्याच्याच हातून मृत्यू घडला. नावेतील एकाही मुलाला जॉर्जचा जीव घ्यायचा नव्हता. न्यायालयाच्या भाषेत याला अपघात म्हणता येईल. जैन विचार मात्र एवढ्यावर थांबत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आस्रवाच्या चर्चेत एक गणित येते. कोणत्याही पापकृत्याच्या तीन पायऱ्या असतात : संरंभ म्हणजे मनाने केलेला निश्चय, समारंभ म्हणजे साधनांची जुळवाजुळव, आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृती. ही तिन्ही मनाने, वाणीने वा कायेने होतात. ती स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेली असतात. आणि त्यांच्यामागे क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांपैकी एखादा असतो. तीन गुणिले तीन, गुणिले तीन, गुणिले चार. उत्तर एकशे आठ. जपमाळेतील मण्यांच्या संख्येचा एक अर्थ असाही सांगितला जातो. पाठशाळेत बहुतेक मुले हा हिशेब पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात.

हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून ‘मीन क्रीक’ पाहावा. रॉकीच्या खोलीत झालेला निश्चय हा संरंभ. नाव, गाडी, खोटे निमंत्रण हा समारंभ. आजच्या मराठीत ‘समारंभ’ म्हटले की मांडव आणि पंगत आठवते. या मुलांनीही सुडाला वाढदिवसाच्या समारंभाचेच रूप दिले, हा योगायोग अंगावर काटा आणणारा आहे. कृत, कारित आणि अनुमोदित यांची वाटणीही पडद्यावर स्पष्ट दिसते. हात रॉकीचा, चिथावणी मार्टीची. क्लाईडला बेत फारसा पसंत नाही, पण तो विरोधही करत नाही. सॅमने काहीच केले नाही. त्याने फक्त ‘हो’ म्हटले, आणि नंतर ‘नको’ म्हटले. कषायांपैकी क्रोध रॉकीचा, मान मार्टीचा आणि माया, म्हणजे कपट, सर्वांची मिळून. लोभ मात्र या कथेत ओढूनताणूनच शोधावा लागेल.

श्रावकाचारात कोळी आणि शेतकरी यांचा दृष्टान्त येतो. नांगर चालवताना शेतकऱ्याच्या हातून असंख्य जीव मरतात, पण मारणे हा त्याचा हेतू नसतो. कोळी जाळे टाकून बसतो. दिवसभरात एक मासाही मिळाला नाही तरी त्याचे परिणाम हिंसेचेच असतात. सॅमला या दोघांपैकी कोठे बसवावे? त्याने जाळे टाकले आणि मनापासून मागेही घेतले. पण जाळे टाकताना त्याने एकट्याने टाकले नव्हते. मागे घेण्याचा निरोप भावाकडून मित्राकडे आणि एका मित्राकडून दुसऱ्याकडे जाता जाता निम्मा झाला. सॅमचा क्रोध शांत झाला होता, मार्टीचा झाला नव्हता. अनेकांनी मिळून केलेला संकल्प एकाच्या पश्चात्तापाने मोडत नाही, हे या चित्रपटाने ज्या बारकाईने दाखवले आहे तसे फारच थोड्या कलाकृतींत आढळते.

येथे प्रत्येक बापाच्या मनात एक प्रश्न उभा राहणे साहजिक आहे. मग मुलाने मार खाऊन घरी यायचे काय?

शास्त्राने गृहस्थाला असे कधीच सांगितलेले नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आहेत. त्यांतली उद्योगी हिंसा व्यापारी घरांना पुरती परिचित आहे. धान्याचे कोठार असो की कापडाची गोदामे, ती पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. विरोधी हिंसा म्हणजे स्वतःच्या वा आश्रितांच्या रक्षणासाठी नाइलाजाने करावा लागणारा प्रतिकार. श्रावकाला पूर्ण त्याग सांगितला आहे तो संकल्पी हिंसेचा. मैदानावर जॉर्ज मारत असताना सॅमने त्याला ढकलून दिले असते, आरडाओरडा केला असता, रॉकी धावत येऊन मध्ये पडला असता, तर ते सारे विरोधात बसले असते. त्यानंतर शांतपणे बसून, आमंत्रण ठरवून, नाव मिळवून जे झाले ते संकल्पी. मधल्या काळात रक्षणाची गरज संपली होती. उरली होती ती वसुली.

घरात मुलाला ‘दोन लगावून ये’ असा सल्ला देणाऱ्याला वाटते की आपण प्रतिकार शिकवत आहोत. प्रत्यक्षात तो सल्ला दुसऱ्या दिवशी अमलात येणार असतो, कदाचित चार मित्रांना बरोबर घेऊन. उलट ‘आपण जैन आहोत, सहन करावे’ असे सांगणाऱ्या घरातही काही मिटत नाही. मूल सहन करते, पण मनातल्या मनात जाळे विणत राहते. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट समान आहे : मोठी माणसे स्वतः उठून शाळेत जात नाहीत. ‘मीन क्रीक’मध्येही मोठी माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. सॅमला मार बसला तेव्हा एखादा शिक्षक, एखादा पालक मध्ये पडला असता तर रॉकीला न्यायाधीश व्हावे लागले नसते.

शाळेतील या छळासाठी मराठीत रूढ असा एकच शब्द नाही, हीही अडचणच. दादागिरी म्हटले की ती गल्लीतली वाटते आणि चेष्टामस्करी म्हटले की विषयच संपतो. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम हाती घेणाऱ्यांत डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाचे नाव येते. त्यांनी तीन खुणा सांगितल्या : त्रास देण्याचा हेतू, पुनःपुन्हा होणारा त्रास, आणि ज्याला त्रास होतो त्याला प्रतिकार करणे कठीण जाईल अशी बळाची विषमता. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या, आणि सोबत्यांकडून झालेला छळ हे त्यामागचे कारण असावे असे दिसून आले. देश हादरला, आणि १९८३ मध्ये तेथील सरकारने सर्व शाळांसाठी मोहीम सुरू केली. महाराष्ट्रात १९९९ पासून छळवणूक प्रतिबंधक कायदा आहे. तो ‘रॅगिंग’च्या नावाने ओळखला जात असल्यामुळे महाविद्यालयांपुरताच समजला जातो, पण शिक्षणसंस्थेच्या त्याच्या व्याख्येत वसतिगृहे आणि शिकवणी वर्गही येतात. विद्यार्थ्याची वा पालकांची लेखी तक्रार आल्यास संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची आहे, आणि दोषी ठरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी देणे, तिची पोच घेणे आणि सात दिवस मोजणे हे काम पेढी सांभाळणाऱ्या माणसाला अवघड जाऊ नये. मुलाला स्वतःलाच बोलायचे असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

जैन मुलांच्या वाट्याला येणारा त्रास पुष्कळदा अगदी बारीक असतो. डब्यात कांदा-लसूण नसल्याची टिंगल, उकळलेल्या पाण्याच्या बाटलीला दिलेले नाव, सहलीत सूर्यास्तापूर्वी जेवायला बसलेल्या एकट्या मुलीभोवती जमलेली हसणारी मुले. यातले बरेचसे मुले घरी सांगतच नाहीत, कारण सांगितले तर आई शाळेत येईल आणि आणखी हसे होईल. हे सारे खरे आहे. पण चित्रपट पाहताना स्वतःच्या मुलाला सॅमच्या जागी पाहणे सोपे जाते, जॉर्जच्या किंवा मार्टीच्या जागी पाहणे जड जाते.

ते पाहिले पाहिजे. दुकानात वीस-वीस वर्षे काम केलेल्या मुनीमजींना घरातला दहा वर्षांचा मुलगा ‘अरे’ म्हणून हाक मारतो आणि त्याला कोणी टोकत नाही. हमालाच्या मुलाची फी सेठजी भरतात, आणि त्यांचा नातू वर्गात ती गोष्ट चारचौघांत बोलून दाखवतो. ज्याच्या मागे नेहमी गाडी, पैसा आणि ‘माहीत आहे का मी कोणाचा’ हे वाक्य आहे, त्या मुलाला आपण कोणाला छळतो आहोत हे कळण्याचेही कारण पडत नाही. मार्टीला दांडगाई त्याच्या भावाने शिकवली. गल्ल्यावर बसलेले वडील नोकराशी ज्या शब्दांत बोलतात ते शब्द मुले वर्गात नेतात.

हा चित्रपट मुलांना थेट दाखवावा काय? अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलाबरोबर पालक हवा. शिव्यांचा सुकाळ आहे, दारू आहे, गांजा आहे. लहान मुलांसाठी तो नाहीच. आई-वडिलांनी आधी स्वतः पाहावा, मग नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसावे की नाही हे ठरवावे. जेथे हे शक्य नसेल तेथे कथा सांगितली तरी मुले खिळून ऐकतात, आणि कथेच्या मध्येच ‘तू नावेत असतास तर?’ असे विचारता येते.

जॉर्जच्या मृत्यूनंतर चित्रपटाचा खरा कस लागतो. मुले घाबरतात. मार्टीच्या आग्रहावरून ती प्रेत नदीकाठी पुरतात. जो मुलगा बेत मोडल्याने सर्वांत नाराज होता तोच आता सर्वांना बांधून ठेवू पाहतो : कोणी काही बोलायचे नाही. पण रात्र पडते तसे एकेकाला ते ओझे पेलवेनासे होते. सॅम, रॉकी, क्लाईड आणि मिली कबुली द्यायचे ठरवतात. मार्टीला हा विश्वासघात वाटतो. तो पिस्तूल घेऊन निघून जातो, एक पेट्रोलपंप लुटतो आणि फरारी होतो. एका पापाला झाकण्यासाठी दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, हा क्रम दिग्दर्शकाने काही मिनिटांतच उरकला आहे, आणि ते योग्यच आहे.

उरलेली चौघे जातात ती जॉर्जच्या घरी. दार उघडते त्याची आई.

आलोचना गुरूसमोर करायची असते आणि क्षमा ज्याचा अपराध केला त्याच्याकडे मागायची असते. संवत्सरीच्या दिवशी एकाच संदेशात शेकडो नावांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवले जाते; ज्या एका माणसाशी वर्षभर बोलणे नाही त्याचे नाव त्या यादीत सहसा नसते. या चार मुलांना धर्माची परिभाषा ठाऊक नाही, प्रतिक्रमणाचे सूत्र ठाऊक नाही. ज्याची क्षमा मागायची तो तर जमिनीखाली आहे. तरीही ती जेथे जायचे तेथेच गेली. आई त्यांना काय म्हणाली असेल, त्यांना काय शिक्षा झाली असेल, यावर चित्रपट वेळ घालवत नाही.

अखेरीस पोलीस नदीकाठची माती उकरतात. जॉर्जचा कॅमेरा सापडतो आणि त्यातली फीत पडद्यावर दिसू लागते. तो एकटाच कॅमेऱ्यासमोर बसून बोलत आहे. आपण आपले सारे आयुष्य असे टिपून ठेवणार आहोत, म्हणजे कधीतरी ते कोणी पाहील आणि आपण आतून कसे आहोत हे त्याला समजेल, असे काहीसे तो सांगत असतो. त्याचे बोलणे पहिल्यांदाच कोणीही मध्ये न तोडता ऐकले जात असते.